दोन लाख नव्व्याण्णव हजारांचे शास्त्र

शासकीय खरेदीत आधी मर्यादा येते, गरज मागून. महाराष्ट्रात या मर्यादा 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने आलेल्या खरेदी नियमपुस्तिकेत सापडतात. तामिळनाडूने 1998 मध्ये, राजस्थानाने 2012 मध्ये यासाठी कायदाच केला. इथे शासन निर्णयावर भागते. तो बदलताना विधिमंडळाची झोपमोड होत नाही.

त्याआधी दरकरारांचा सुकाळ होता. भाव एकदा ठरला की निविदेची कटकट संपली. 2015 साली महिला व बालविकास विभागाच्या 206 कोटींच्या खरेदीवर आरोप झाले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला चौकशीत गैर काही आढळले नाही. त्या खरेदीत चटया होत्या, पुस्तके होती, वॉटर फिल्टर होते. गाजली ती चिक्की. पुढे ई-निविदेचा आग्रह वाढला. तीन लाखांपुढची खरेदी ई-निविदेने, असा दंडक होता, आणि वस्तू कोणतीही असो, तिची किंमत 2 लाख 99 हजारांवर येऊन अदबीने थांबू लागली. मागणीचे तुकडे पाडायला नियमपुस्तिकेची मनाई आहे, म्हणून त्यांना ‘टप्पे’ म्हणतात. 2021 मध्ये मर्यादा 10 लाखांवर गेली. टप्पे लांबले.

मर्यादेखालच्या खरेदीला तीन दरपत्रके लागतात. समजा, चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात एखाद्या कार्यालयाला चार कपाटे हवीत. खामगाव चांदीची बाजारपेठ. तिथे चांदीचा भाव एका फोनवर कळतो. कपाटाचा भाव कळायला तीन दुकाने लागतात. लेटरहेड तीन, शिक्के तीन, शाई मात्र एकाच बाटलीतली. तिन्ही पत्रांत ‘कपाट’चा काना गळालेला असतो, त्यामुळे तुलनात्मक तक्त्यातही ‘कपट, नग 4’ असेच चढते. सर्वांत कमी दराचे कपट मंजूर होते.

2017 पासून राज्याने केंद्राचे ‘जेम’ पोर्टल स्वीकारले. तिथे दुकानदार अनोळखी असतो, ही मोठीच अडचण. मग तपशील अंगाबरोबर शिवून घेतले जातात: कुलूप डावीकडे, कप्पे साडेचार, रंग मोरपंखी. असा माल देशात एकाच ठिकाणी मिळतो, आणि ते ठिकाण बहुधा अर्ध्या तासाच्या वाटेवर असते.

माल 31 मार्चला येतो. निदान बिल तरी येतेच. साठा नोंदवहीत नोंद होते: कपट, नग 4, सुस्थितीत मिळाले.