पास, नापास आणि अंधार

मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम जितका संशयी आहे, तितका संशयी जीव संगणकाच्या जगात दुसरा नसेल. विंडोजवर त्याचा विश्वास नाही, लिनक्सवर नाही, डिस्कवर तर मुळीच नाही. बाकी कोणी जागं व्हायच्या आत तो येतो आणि सगळी रॅम ताब्यात घेतो. प्रत्येक घरात काहीतरी लिहितो, मग फिरून येऊन लिहिलं होतं तेच आहे ना, हे वाचून बघतो. मग त्याच्या बरोबर उलट लिहितो आणि पुन्हा वाचतो. दिवसभर सोडा, आठवडाभर सोडा, हेच करत राहील. क्रिस ब्रॅडी यांनी नव्वदच्या दशकात तो जगापुढे आणला. पुढे २००४ मध्ये सॅम्युएल देम्यूलमेस्टर यांनी त्याची ‘प्लस’ आवृत्ती काढली आणि ती दुरुस्तीवाल्यांच्या हाताला जास्त बसली. निळा पडदा, वर हिरवी पट्टी आणि तिच्यातलं लाल अधिकचिन्ह आपलं मिचमिच करत असतं. मला हा पडदा बघत बसायला आवडतं. तो ओटीपी मागत नाही, अपडेट घ्या म्हणत नाही, आणि शेवटी पाच तारे द्या असंही म्हणत नाही.

त्याची खरी पंचाईत वेगळीच आहे. ज्या रॅमवर त्याचा संशय, त्याच रॅममध्ये त्याला राहावं लागतं. मग तो आधी आजूबाजूची जागा तपासतो, तिथे मुक्काम हलवतो आणि आपण आत्तापर्यंत बसलो होतो ती जागा तपासायला घेतो. स्वतःच्या बुडाखालची जागाही तपासून घेणारे परीक्षक मी तरी फार पाहिलेले नाहीत.

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, आणि त्याचं मूळचं बायोस काढून तिने तिथे कोअरबूट बसवलं आहे. चिमट्यासारखी क्लिप मदरबोर्डवरच्या चिपला लावून, घरच्यांच्या देखत. (तिची आई, म्हणजे माझी बहीण, त्या वेळी स्वयंपाकघरात निघून गेली होती.) कोअरबूटचा जन्म १९९९ चा, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतला. रॉन मिनिच यांनी तिथे लिनक्सबायोस नावाने हे काम सुरू केलं आणि २००८ मध्ये त्याचं कोअरबूट झालं. विचार सरळ होता. यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरने कमीत कमी काम करावं, प्रोसेसर आणि रॅम मार्गी लावावी आणि बाजूला व्हावं. पुढचं काम ज्याच्याकडे सोपवायचं त्याला तिथे पेलोड म्हणतात. तो नेहमीच्या बायोससारखा वागणारा सीबायोस असू शकतो, ग्रब असू शकतो, थेट लिनक्सही असू शकतो. मेमटेस्टही चालतो. आणि टिंट नावाचा एक टेट्रिसचा अवतारही! म्हणजे डिस्क काढून ठेवलेल्या लॅपटॉपवर, मदरबोर्डवरच्या काही एमबीच्या चिपमधून, माणूस विटा रचत बसू शकतो. हे कोणाला का सुचलं, असं मी विचारणार होतो. मग वाटलं, सुचलं नसतं तर जास्त नवल होतं.

तक्रार अशी होती की एखादा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायला लावला की लॅपटॉप मध्येच कोलमडायचा, आणि दर वेळी वेगळ्या ओळीवर. हे ‘दर वेळी वेगळ्या’ फार महत्त्वाचं. कोडमध्ये चूक असेल तर ती आपली जागा सोडत नाही, कधीही जा, त्याच ओळीवर भेटते. पत्ता बदलत राहणाऱ्या चुकीच्या मागे बहुधा हार्डवेअर असतं, आणि पहिला संशय रॅमवर. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक जुनी, मुंबईहून आणलेली होती, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड असलेल्या त्या रस्त्यावरून. भाची म्हणाली, “मामा, डिस्क काढून ठेवते. मेमटेस्ट चिपमध्येच घातलाय, मेन्यूतून लावू.”

लावला. मेन्यू दिसला, तिने मेमटेस्ट निवडला आणि पडदा काळा झाला.

पास झाल्याचं कळलं तर आनंद, नापास झाल्याचं कळलं तर निदान पट्टी बदलता येते. पण निकालच न लावणाऱ्या परीक्षेचं काय करायचं? पंखा फिरत होता. खालून ऊब लागत होती. आमची ही चहा घेऊन आली आणि तिने विचारलं, “चालू आहे की बंद?”

“तेच शोधतोय,” मी म्हणालो.

“मग शोधून झालं की सांगा,” असं म्हणून ती गेली.

संशय घ्यायलाही एक क्रम लागतो. पहिला संशय अर्थातच असा की रॅम इतकी बिघडली आहे की परीक्षकालाच बसायला जागा नाही. पण मेन्यू तर दिसला होता, आणि तो रॅममध्येच राहतो. म्हणजे थोडी तरी रॅम धड आहे. मग फर्मवेअरने रॅम नीट सुरू केली नसेल का? इथे एक मोठा गमतीचा पेच आहे. रॅम सुरू करायला कोड चालवावा लागतो, कोडला आपल्या चार गोष्टी ठेवायला रॅम लागते, आणि रॅम तर अजून सुरूच झालेली नाही. कोअरबूटवाल्यांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. प्रोसेसरच्या पोटात जी छोटीशी कॅश असते तिलाच तेवढ्यापुरतं रॅम म्हणून राबवायचं, खरी रॅम उभी राहिली की तिकडे जायचं आणि कॅशला तिच्या मूळच्या कामावर पाठवायचं. हे सगळं आपण पॉवरचं बटण दाबून जांभई देईपर्यंत उरकलेलं असतं. इथेही ते उरकलं होतं, नाहीतर मेन्यूपर्यंतच पोचलो नसतो.

बाहेरून लावलेला यूएसबी कीबोर्ड दाबून पाहिला. काही नाही. मग भाचीने वैतागून लॅपटॉपच्याच कीबोर्डवर एस्केप दाबलं, आणि लॅपटॉप शहाण्यासारखा पुन्हा सुरू झाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मेमटेस्टमध्ये एस्केपचा अर्थच मुळी ‘पुरे, पुन्हा सुरू कर’ असा आहे. मेलेली यंत्रं एस्केपला दाद देत नाहीत. म्हणजे आत परीक्षा व्यवस्थित चालली होती, दिसत तेवढी नव्हती. यूएसबी कीबोर्ड का गप्प होता तेही त्यातून कळलं. मेमटेस्टची ही जुनी आवृत्ती फक्त पीएस/२ घराण्याच्या कीबोर्डशी बोलते, आणि लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बाहेरून कितीही नव्या वळणाचा दिसला तरी आतून त्याच घराण्यातला असतो.

मग पडदा काळा का? याचं उत्तर तिने कोड उघडून काढलं. जुना मेमटेस्ट कोणाला ‘हे दाखव’ अशी विनंती करत नाही. बी८००० या पत्त्यावर तो थेट अक्षरं नेऊन ठेवतो. आयबीएम पीसीच्या काळापासून तिथे ठेवलेलं अक्षर पडद्यावर उमटत आलं आहे, तेव्हा विचारायचं कशाला? पण भाचीने फर्मवेअर बनवताना पडदा चांगल्या रिझोल्यूशनच्या ग्राफिक्समध्ये सुरू होईल असं ठरवलं होतं. त्या पद्धतीत पडद्याचा ठिपकान् ठिपका रॅममधल्या वेगळ्याच जागेवरून येतो आणि बी८००० कडे कोणी ढुंकून बघत नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या जिन्यात एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही ते वॉचमन अजून तिथे सुवाच्य अक्षरात लिहितो, आणि सगळी सोसायटी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत असते की आज पाणी का नाही. मेमटेस्टचं तसंच झालं होतं. मेन्यू दिसला, कारण सीबायोस आपली अक्षरं स्वतः कुठे ठेवत नाही, रीतसर ग्राफिक्सच्या भिडूमार्फत काढून घेतो.

मला यातलं सर्वांत आवडलेलं म्हणजे दोषी कोणीच नव्हतं. पडदा सुरू करणारा कोअरबूटचा भाग स्पार्क भाषेत लिहिलेला आहे. तो चालता चालता कोसळणार नाही हे गणिताने सिद्ध करता यावं, म्हणून ती भाषा निवडलेली. मेमटेस्ट आपल्या जागी प्रामाणिक, सीबायोस विनम्र. तीन सज्जन एका खोलीत, आणि खोलीत अंधार.

उपाय सोपा होता. फर्मवेअर पुन्हा बनवायचं, ग्राफिक्सऐवजी जुना टेक्स्ट मोड निवडायचा, आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून चिपवर लिहायचं. तिने ते केलं. मेन्यू जरा बेंगरूळ दिसायला लागला, पण मेमटेस्ट लावल्याबरोबर निळा पडदा, हिरवी पट्टी आणि मिचमिचणारं अधिकचिन्ह हजर. आणि थोड्याच वेळात लाल ओळीसुद्धा.

लाल ओळ म्हणजे चूक. कोणत्या पत्त्यावर, काय लिहिलं होतं, काय वाचलं, कोणता बिट पालटला, सगळं तिथे असतं. आमच्याकडे पालटत होता एकच बिट, पुन्हा पुन्हा तोच. बिट म्हणजे रॅममध्ये एक इवलासा कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना, पेटंट १९६८ चं. कपॅसिटर गळका असतो, म्हणून त्यातला विद्युतभार साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. आपण लिहिलेलं सगळं सेकंदाला पंधरासोळा वेळा कोणीतरी मुकाट्याने गिरवत असतं, म्हणून ते तिथे असतं. असं असूनही चूक इतकी क्वचित होते, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत स्कारबीक या ठिकाणी एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा मिळाली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे बरोबर एक बिट. कोणीतरी आकाशातून आलेल्या कणाकडे बोट दाखवलं. आरोपी सापडला नाही, पण बिटाची सही मात्र स्पष्ट होती.

आमचा आरोपी पृथ्वीवरच होता. पण कोण? पट्टी, खाच की फर्मवेअर? प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. माझा वेग इतका, मला थांबायला इतका वेळ द्या, असं तिच्यात लिहिलेलं असतं आणि फर्मवेअर ते वाचून वेळापत्रक बसवतं. बंद पेटीतल्या बायोसने ते चुकीचं बसवलं तर आपल्याला कळायला मार्ग नाही. इथे कोड उघडा होता, म्हणून भाचीला त्यावरही संशय घेण्याचं सुख मिळालं. तिने ते पुरेपूर उपभोगलं, रात्री उशिरापर्यंत. मी तिला म्हटलं, “अगं, आधी पट्ट्यांची अदलाबदल करून बघ.” चूक खाचेशी राहिली तर खाच दोषी, पट्टीबरोबर गेली तर पट्टी. अदलाबदल केली. चूक पट्टीबरोबर गेली, मुंबईच्या.

दुकानदाराला फोन लावला. तिने त्यांना पत्ता, बिट, टेस्टचा क्रमांक, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ताई, रबर मारून बघितलं का?”

रबर म्हणजे शाळेतलं खोडरबर. पट्टीच्या सोनेरी पिना त्याने हलक्या हाताने घासायच्या, भुगा झटकायचा, पट्टी परत बसवायची. देशातल्या प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात हा उपचार चालतो आणि एकाही मॅन्युअलमध्ये तो नाही. माझ्या मुलाच्या कंपासपेटीतलं अर्धं खोडरबर सापडलं. घासलं, बसवलं, मेमटेस्ट लावला.

एकही लाल ओळ नाही. पहिली फेरी पास, दुसरी पास. शेवटच्या टेस्टमध्ये मेमटेस्ट सगळी रॅम भरून ठेवतो आणि काही मिनिटं नुसता बसून राहतो, कोणी विसरतंय का ते बघायला. तीही पास.

भाची खूश व्हायला हवी होती, पण ती अस्वस्थ. “मामा, पण कशाने झालं? रबराने की पट्टी काढून परत बसवल्याने?”

“पुन्हा बिघडव आणि बघ,” मी म्हणालो.

तिने खरोखर क्षणभर विचार केला. एवढ्यात ही डोकावली आणि पास झालं म्हटल्यावर बंद करा म्हणाली, विजेचं बिल आपण भरतो. भाचीने एस्केप दाबलं. डिस्क टेबलावरच होती, पण ती घालायच्या आधी तिने मेन्यूत जाऊन टिंट लावलं. नव्या टेक्स्ट मोडमध्येही ते नीट दिसतंय का, एवढंच बघायचं होतं म्हणे. नीट दिसत होतं. जेवणाची पानं घेतली तरी ती बघतच होती.