डोंगर उचलू नये

रानातलं काही ओळखून आणण्याचा छंद असणाऱ्यांनी मारुतीलाच आपलं कुलदैवत मानायला हवं. संजीवनी कोणती ते कळेना, तेव्हा त्याने अख्खा द्रोणागिरी उचलला आणि ओळख पटवण्याची जबाबदारी वैद्यांवर टाकली. सौंसरजवळच्या जामसांवलीला तो पिंपळाखाली निवांत पहुडला आहे. मात्र त्या मुलखात पावसाळ्यात वारुळांवर टेकोडे, म्हणजे अळंबी, उगवली की टोपल्या घेऊन निघणारी जाणती मंडळी त्याच्या अगदी उलट वागतात. शंका आली की काहीच उचलत नाहीत. माझं म्हणणं असं, की जंगली अळंबीच्या बाबतीत हे न उचलणं हीच खरी विद्या आहे. नावं पाठ असणं हा फक्त दागिना.

दागिन्यांची हौस जगभर आहे. अमेरिकी संगीतकार जॉन केज 1959 साली इटलीतल्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत उतरला, पांढऱ्या बीजाणूंच्या 24 अळंब्यांची नावं त्याने घडाघडा म्हटली आणि पन्नास लाख लिरा जिंकले. पुढे 1962 साली त्याने न्यूयॉर्कच्या अळंबीप्रेमी मंडळाचं पुनरुज्जीवन केलं. पण याच गृहस्थाला त्याआधी रानातली विषारी हेलेबोर भलतीच भाजी समजून खाल्ल्यामुळे इस्पितळात पोट धुऊन घ्यावं लागलं होतं. आपल्याकडच्या जाणत्यांच्या शास्त्रात मात्र जेमतेम दोन वर्ग: वारुळावरचा टेकोडा, आणि उरलेल्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. हे वर्गीकरण गरीब वाटतं खरं, पण त्याच्यामागे भक्कम जीवशास्त्र आहे. टेकोडा, म्हणजे टर्मिटोमायसिस, ही वाळवीची शेती. वाळवी वारुळाच्या पोटात चावलेल्या लाकूडपाल्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसात त्या बुरशीला छत्री फुटते. तिचा दांडा खाली लांबलचक मुळासारखा थेट वारुळात गेलेला असतो, टोपीला मधोमध टोक असतं. म्हणजे स्थळ पाहताना चेहऱ्याआधी घराणं पाहावं, तसा हा प्रकार. शहरातल्या हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम दिसायला तितकीच गोरीगोमटी, पण तिचं वारुळात कोणी नाही. ती खाणाऱ्याला दोन-तीन तासांत उलट्यांनी हैराण करते.

यावर कोणी म्हणेल, एवढा धाक कशाला? भाजीत चांदीचं नाणं किंवा लसूण टाकावा, काळं पडलं तर विष. ही परीक्षा नाण्याची होते, अळंबीची नव्हे. अमॅनिटा गटातल्या काही अळंब्यांच्या जीवघेण्या विषाला चांदीही ओळखत नाही आणि लसूणही. ते शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर बहुधा सहा तासांहून अधिक वेळ स्वस्थ बसतं. मग उलट्या-जुलाब, मधेच बरं वाटणं, आणि त्यानंतर यकृत. अळीने कुरतडलेली अळंबी निर्धोक, हा आणखी एक समज. अळीचं यकृत आपल्यासारखं असतं, असा त्यामागचा विश्वास असावा. मोबाइल फोटोवरून नाव सांगतो, पण जमिनीखालचा दांडा फोटोत येत नाही, आणि नाव चुकलं तर जेवणारे आपण असतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. परंपरेचं ज्ञान इतकं पक्कं, तर जाणती माणसंही का दगावतात? कारण हे ज्ञान गावचं असतं आणि माणूस गाव सोडतो. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या काही कुटुंबांनी त्यांच्याकडची भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून डेथ कॅप ही जीवघेणी अमॅनिटा शिजवली. डोळे अनुभवी होते, पण माती परकी होती. तेव्हा सौंसरचा जाणता नागपुरात आला की त्यानेही नवशिका व्हावं.

तिसरी तक्रार गुप्ततेची. सख्ख्या भावालाही वारुळाची जागा न सांगणाऱ्यांकडून नवशिक्याने शिकावं तरी कसं? जामसांवलीचा मारुती पूर्वी उभा होता आणि चोरांपासून धन राखायला आडवा झाला, असं सांगतात. त्याच्या शेजाऱ्यांकडून वेगळी अपेक्षा ठेवू नये. जागा नाही सांगितली तरी चालेल, पारख सांगावी. आणि एक टेकोडा न शिजवता कागदात गुंडाळून बाजूला ठेवावा, म्हणजे वेळ आलीच तर डॉक्टरांना विष ओळखायला मदत होते. फक्त तो का ठेवला, हे पाहुण्यांना जेवण झाल्यावर सांगावं.