लिलावात पहिली बोली कोणावर? : बीड जिल्ह्यातील समस्त क्रिकेटरसिकांसाठी मार्गदर्शिका

ज्या गावाला एसटी दिवसातून दोनदाच येते, त्या गावालाही आता स्वतःची प्रीमियर लीग आहे. सहा-आठ संघ, प्रत्येकाला एक मालक, प्रत्येक मालकाचा फ्लेक्सवर गॉगल लावलेला फोटो, आणि स्पर्धेच्या आधी मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये खेळाडूंचा रीतसर लिलाव. बोली रुपयांत नसते, गुणांत असते. म्हणजे प्रत्येक मालकाला सारखेच गुण दिले जातात आणि त्यातच पूर्ण संघ बसवायचा. टेबलावर मंडपवाल्याचं लाल कापड, त्यावर पाण्याच्या बाटल्या, मागे स्पीकरची कुईं. ‘एक बार, दो बार’ असं हिंदीत ओरडणारा निवेदक. हिंदीत का, असं विचारू नये. लिलाव मराठीत झाला तर तो मार्केट कमिटीतल्या कापसाचा वाटतो.

प्रस्तुत मार्गदर्शिका मालकांसाठी नाही आणि खेळाडूंसाठीही नाही. ती आहे टपरीवरच्या रसिकासाठी. या माणसाकडे संघ नसतो, गुण नसतात, बॅट तर कधीच नव्हती. मत मात्र असतं, आणि लिलावाच्या आधीचे पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी मांडावं लागतं. प्रश्न एकच असतो : आधी कोणाला उचलायचं? सलामीवीर, गोलंदाज, ऑलराउंडर की कीपर?

पहिली सूचना : खेळाडूंची यादी येण्याआधीच आपलं मत ठरवून ठेवावं. यादी पाहून मत बनवणारा माणूस चर्चेत टिकत नाही. टपरीवर पोचल्यावर दुसऱ्याच्या मोटारसायकलवर आडवं बसावं, एक फुल चहा दोघांत सांगावा आणि पहिलं वाक्य असं टाकावं की विरोधी पक्ष आपोआप तयार होईल. उदाहरणार्थ :

“पहिला बॉलरच उचला. बाकीचं नंतर बगू.”

“अन् रन कोण काढायचे? तुझा मेव्हणा?”

इथून गाडी रुळाला लागते. पण रसिकाला थोडं गणितही यायला हवं, म्हणून ते इथेच देतो. आपल्याकडची टेनिस बॉलची मॅच बहुधा सहा षटकांची. चेंडू छत्तीस. एका गोलंदाजाला दोनच षटकं, म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात भारी गोलंदाज जरी आणला तरी तो बारा चेंडूच टाकणार, उरलेले चोवीस कुणीतरी गरिबानं टाकायचे. फलंदाज मात्र कागदावर छत्तीसच्या छत्तीस खेळू शकतो. यावरून फलंदाज महत्त्वाचा, असं सिद्ध होतं. सिद्ध झाल्याबरोबर समोरचा म्हणेल, “अन् पहिल्याच बॉलला उडाला तर?” हेही बरोबर आहे. गोलंदाजाला सहा छक्के बसले तरी दुसरं षटक मिळू शकतं, फलंदाज मात्र पहिल्या चेंडूवर गेला की थेट सावलीत. दोन्ही बाजू पटल्यासारखं वाटलं तर तोंडावर दाखवू नये.

आता स्थानिक मुद्दा. बीड जिल्ह्यात फलंदाजीच्या क्रमावर बोलताना सहाव्या क्रमांकाचा अपमान करायचा नाही. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. भारतापुढे २४५ धावांचं लक्ष्य आणि फलकावर ४ बाद ३२. त्या वेळी सहाव्या क्रमांकावर आला तो आपला बीडचा सचिन धस. त्यानं ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी केली आणि भारत दोन गडी राखून अंतिम फेरीत गेला. तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक लिलावात कुणीतरी उठून सांगतो की सलामीवीर मरू द्या, सहाव्या नंबरचा आधी घ्या. सहा षटकांच्या मॅचमध्ये सहाव्या नंबरच्या फलंदाजाच्या वाट्याला चारेक चेंडू येतात, तेही लंगडत पळणाऱ्या जोडीदाराबरोबर. हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

याच न्यायानं आष्टी तालुक्यातल्या खेळाडूचा भाव पळण्यावर चढतो. मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण आणल्यापासून, आष्टीचा पोरगा म्हटलं की तो एकाच्या दोन धावा काढणारच, असं मालक गृहीत धरतात. त्यातले निम्मे पोरगे मोटारसायकलशिवाय किराणा दुकानात जात नाहीत.

दुसरी सूचना : चर्चा हातातून निसटायला लागली की बाहेरचं उदाहरण द्यावं. त्यासाठी एक अस्सल दाखला कायम खिशात ठेवावा, तो दिल्लीचा. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण १९ वर्षांखालच्या पोरांची वाटणी आळीपाळीनं निवड करून झाली. दिल्लीची पाळी आली तेव्हा दिल्लीचाच एक पोरगा समोर उपलब्ध होता. नाव विराट कोहली. दिल्लीवाल्यांनी डोकं लावलं. आपल्याकडे सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स, दिलशान. फलंदाज उतू चाललेत, डावखुरा वेगवान गोलंदाज पाहिजे. म्हणून त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं. कोहली गेला बंगळुरूला आणि आजतागायत तिथेच आहे.

हा दाखला सोन्यासारखा आहे, कारण तो कोणत्याही बाजूनं वापरता येतो. ‘जागा बघू नका, माणूस बघा’ असं म्हणायचं असेल तर कोहली दाखवायचा. ‘गोलंदाजाशिवाय काही नाही’ असं म्हणायचं असेल तर बंगळुरूला पहिला चषक मिळायला ३ जून २०२५ उजाडला, हे दाखवायचं. मला विचाराल तर दिल्लीचं त्या दिवशीचं गणित चुकीचं नव्हतं. ज्या वहीत ते मांडलं तीच चुकीची होती. जागा भरताना आज कोण आहे एवढंच पाहिलं, पुढच्या सतरा वर्षांचं पाहिलं नाही. पण हे टपरीवर म्हणू नका, लोक उठून जातात.

फुटबॉलच्या गोष्टी सांगणाराही एखादा असतोच, पुण्यात होस्टेलला राहून आलेला. त्याला बोलू द्यावं. २३ जुलै २०१७ला मुंबईत इंडियन सुपर लीगच्या भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, त्यात नव्या जमशेदपूर संघानं पहिली निवड म्हणून गोल करणारा घेतलाच नाही. अनस एडाथोडिका हा बचावपटू घेतला, एक कोटी दहा लाखांना. म्हणजे नवं घर बांधताना आधी कंपाउंड, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे कंपाउंडवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, त्यामुळे हा मुद्दा श्रोत्यांना चटकन पटतो.

कबड्डीचा दाखला मात्र पूर्ण सांगावा, कारण त्यात जीव आहे. २०२२च्या प्रो कबड्डी लिलावात तमिळ थलैवाजनं पवन सेहरावतला दोन कोटी साडेसव्वीस लाखांना घेतलं. चढाईचा राजा. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि उरलेला हंगाम तो बाहेर बसला. आणि त्याच वर्षी थलैवाज इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले. पुढच्या वर्षी पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला, म्हणजे डाव्या कोपऱ्यात पाय पकडणाऱ्याला, दोन कोटी पस्तीस लाख मोजले. पुणे विजेतं. तो हरियाणात गेला, त्या हंगामात हरियाणा विजेतं. यावरून कोणता निष्कर्ष काढायचा ते रसिकानं आपल्या बाजूप्रमाणे ठरवावं.

इथपर्यंत तुम्ही चर्चेत तरबेज झालात. आता खरी अडचण सांगतो, जी दिल्ली, मुंबई, पुणे कुणालाच नाही.

बीड जिल्ह्यात खेळाडूची जागा कोणती, याच्या आधी खेळाडू स्पर्धेच्या दिवशी जागेवर असेल का, हे विचारावं लागतं. आपल्या गावातला सगळ्यात मोठा लिलाव क्रिकेटचा नसतोच. तो ऊसतोडीच्या मुकादमाचा. पावसाळ्यातच मुकादम उचल वाटत फिरतो आणि दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे किंवा खाली कर्नाटकात निघतात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. मुकादमाची निवडपद्धती अभ्यासण्यासारखी आहे. तो एकटा माणूस घेत नाही, जोडी घेतो. नवराबायको मिळून एक कोयता. टपरीवर आपण सलामीच्या जोडीवर रात्रीपर्यंत भांडतो, मुकादमानं ती श्रावणातच उचल देऊन बांधून ठेवलेली असते. त्याच्या जोडीला राखीव खेळाडू नसतो. एक आजारी पडला तर दुसऱ्याचा खाडा. डेव्हिड वॉर्नरलाही हे जमलं नसतं.

त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत, प्रजासत्ताक दिन किंवा शिवजयंतीच्या निमित्तानं स्पर्धा असेल, तर फडावर कोण गेलंय याची यादी लिलावाआधी करावी. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागात ती यादी खेळाडूंच्या यादीपेक्षा लांब होते. ‘मॅचच्या दिवशी येतो म्हणाला’ यावर विश्वास ठेवू नये. तो खरंच म्हणाला असतो, पण गाडी भरायची वेळ रात्री दोनची असते आणि मुकादमाला फायनल कळत नाही.

वेगवान गोलंदाजाबद्दल वेगळी दक्षता. आपल्याकडचा वेगवान गोलंदाज बहुतेक वेळा पोलीस भरतीची तयारी करणारा असतो. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर मारतो, गोळा फेकतो, त्यामुळे खांदा तयार असतो. पण ज्या आठवड्यात तुमची उपांत्य फेरी, त्याच आठवड्यात त्याची मैदानी चाचणी. भरती झाला तर गेलाच, नाही झाला तर आठवडाभर फोन बंद. या जागेवर जास्त गुण घालवू नयेत. हात वाकवून फेकणारा गोलंदाज याच्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि बाहेरच्या तालुक्यातून आणलेल्या पंचाला जेवण चांगलं मिळालं तर तो चालूनही जातो.

ऑलराउंडर : घेऊ नये. गावात जो दोन्ही करतो तो दोन्ही बेताचंच करतो, आणि शिवाय वर्गणीचा हिशेबही त्याच्याकडे असतो.

कर्णधाराची जागा लिलावात नसते. ती मालकाच्या मुलासाठी, भाच्यासाठी किंवा ज्यानं ट्रॉफी पुरस्कृत केली त्याच्या मुलासाठी आधीच भरलेली असते. हा खेळाडू चौथ्या क्रमांकावर येतो, त्याला मिडऑनला उभं करतात, आणि यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात निवेदक प्रत्येक चेंडूला त्याचं नाव घेतो. ‘भाऊंचं शानदार क्षेत्ररक्षण’ म्हणजे चेंडू भाऊंच्या बाजूनं गेला, एवढाच अर्थ. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ असेल तर बक्षिसाची रक्कम वाढते आणि असे भाऊ एका संघात दोन-दोन होतात. तेव्हा जागेच्या प्राधान्याचं सगळं शास्त्र बाजूला ठेवावं. नऊच खेळाडूंची निवड करायची आहे, असं समजून चालावं.

उरला कीपर. टपरीवर कीपरवर कुणी भांडत नाही, यातच त्याची किंमत कळते. मोठ्या लीगमध्ये कीपरला चढा भाव मिळतो हे खरं. जेद्दाहच्या आयपीएल लिलावात नोव्हेंबर २०२४ला ऋषभ पंतवर लखनौनं २७ कोटी लावले आणि त्या हंगामात लखनौ सातव्या क्रमांकावर राहिलं. पण तो पैसा फलंदाजीचा होता. आपला विषय वेगळा. आपल्या मैदानात एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला तूर काढलेलं रान, आणि कीपरच्या मागे वेड्या बाभळी. चेंडू सुटला की बायच्या धावा चालू राहतात आणि चेंडू काट्यांत जातो. तो शोधायला तीन माणसं जातात, त्यातलं एक पाय धरून परत येतं. वर सांगितलेलं गणित पुन्हा करून पाहा : गोलंदाजाचे चेंडू बारा, फलंदाजाचे त्याच्या नशिबात असतील तेवढे. छत्तीसच्या छत्तीस चेंडूंना ज्याचं काम पडतं असा संघात एकच माणूस आहे, आणि लिलावात तो शेवटच्या पाचात, मूळ किमतीला, हसत हसत विकला जातो. शिवाय गावचा कीपर सहसा दुकानदार किंवा झेरॉक्सवाला असतो. फडावर जात नाही, भरतीला बसत नाही, दुपारी शटर ओढून येतो.

मे महिन्यातल्या स्पर्धेला मात्र नियम बदलतो. तेव्हा टोळ्या परतलेल्या असतात, खेळाडूंचा तुटवडा नसतो, पण लग्नतिथी दाट असतात. अर्धा संघ वऱ्हाडात, एकदोन जण डीजेच्या गाडीवर, एखादा स्वतःच बोहल्यावर. बेचाळीस अंशांच्या उन्हात जो उरतो तो उरतो. लिलावाआधी पत्रिका गोळा करून तारखा जुळवाव्यात. चुलत्याचं लग्न असेल तर खेळाडू सोडवता येतो, मामाचं असेल तर नाही.

तेव्हा निकाल असा : स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर पहिली बोली कीपरवर लावा. मे महिन्यात असेल तर ज्याचं लग्न गेल्या वर्षी झालंय त्याच्यावर लावा, मग तो कोणत्याही जागी खेळत असो.