अतिशैत्याची कैफियत

प्रोसेसरला उष्णता बाधते हे ज्ञान आता शाळकरी पोरांनाही असते. परंतु त्याला थंडीही बाधते, आणि ती बाधली म्हणजे तो तापलेल्या प्रोसेसरहूनही अधिक आडमुठेपणा करतो, हे सत्य माझ्या पदरी पडले ते भाच्याच्या कृपेने. हा सुविद्य तरुण ‘ओव्हरक्लॉकिंग’ नामक व्यसनाच्या अधीन झाला आहे. कारखानदाराने नेमून दिलेल्या गतीहून अधिक गतीने प्रोसेसर पिटाळावा, पळताना तो तापतो म्हणून त्याच्या माथ्यावर तांब्याचे उभट भांडे बसवावे आणि त्यात उणे १९६ अंशांवर उकळणारा द्रवरूप नायट्रोजन ओतीत राहावे, असा या संप्रदायाचा विधी आहे. हाच द्रव आमच्याकडे खेडोपाडी गाईगुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात; तेथे निदान एक वासरू तरी पदरात पडते.

हवेतील बाष्पाचे दंव साचून मदरबोर्डाचा घात होऊ नये म्हणून त्यावर व्हॅसलीनचा लेप द्यावा, चित्रकाराच्या मऊ खोडरबराचे लिंपण करावे, नायट्रोजनच्या वाफांनी खोलीतील प्राणवायूस हद्दपार करू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या, एवढा सारा बंदोबस्त झाल्यावर पारा उणे शंभराखाली उतरतो, भाच्याचे डोळे चमकू लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा काळा होतो. हाच तो ‘कोल्ड बग’! तापलेला प्रोसेसर आधी गती मंद करतो, म्हणजे रीतसर अर्ज देतो आणि मगच रजेवर जातो. गारठलेला मात्र ना अर्ज, ना पूर्वसूचना, थेट कामकाज तहकूब करतो. बरे, चौकशी करावी तर भांडे किंचित ऊबदार होताच स्वारी जणू काही घडलेच नाही अशा थाटात कामावर रुजू होते.

जाणकार सांगतात, की शैत्यात विद्युत्कणांची चाल सुलभ होते खरी, पण ट्रान्झिस्टर चालू होण्यास अधिक व्होल्टेज लागते आणि ठोक्यांचा मेळ राखणारी मंडलेही बिथरतात. त्यातून सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन सहोदर प्रोसेसरांपैकी एक उणे शंभरावर मान टाकतो, तर दुसरा नायट्रोजन संपेपर्यंत हूं की चूं करीत नाही. काही तर चालू असताना वाटेल ती थंडी सोसतात, पण बंद केल्यावर तेवढ्याच थंडीत पुन्हा उठण्यास साफ नकार देतात. अधिक महिन्यातल्या जावयाचे रुसवे काढण्याचा अनुभव असलेल्या माणसासच ही नोकरी झेपावी. सबब भाचा एका हातात नायट्रोजनचा थर्मास आणि दुसऱ्या हातात ज्वाळा ओकणारा टॉर्च घेऊन उभा असतो, आणि ज्यास आत्ताच गोठविले त्यासच तत्परतेने शेकीत असतो.

१९८७ साली अमेरिकेत ईटीए-१० नामक महासंगणक द्रव नायट्रोजनात बुडवून चालविला गेला. पण तो त्या थंडीसाठीच घडविलेला होता. घरगुती प्रोसेसरने असा करार केव्हा केला होता? तरीही २०११ साली ऑस्टिन येथे ३.६ गिगाहर्ट्झ गतीचा एफएक्स-८१५० हा प्रोसेसर द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेऊन गिनीजच्या दप्तरी त्याची नोंद करण्यात आली. आणि त्यासाठी त्याच्या आठ गाभ्यांपैकी सहांना सक्तीची विश्रांती देण्यात आली होती.

“एवढ्या गतीने त्याने काम कोणते केले?” मी पृच्छा केली.

“मामा, काम कसलं? आकडा दिसला की फोटो घ्यायचा, नि बंद करायचं!”

काम शून्य आणि नोंद मात्र विक्रमी, हा या खटाटोपाचा अंतिम हेतू कळल्यापासून प्रोसेसरचा संप मला पूर्णतः कायदेशीर वाटू लागला आहे.