स्विचराव

स्विचरावांना गेम खेळताना फारसं कोणी पाहिलेलं नाही. घेताना मात्र सगळ्यांनी पाहिलंय.

वय चाळिशीला टेकलेलं, नोकरी आयटीत, मुक्काम कोथरूड. निन्टेंडोने स्विच हा गेमचा कन्सोल आपल्याकडे रीतसर विकायला आणलाच नाही, त्यामुळे यांचा नग मेहुण्याच्या बॅगेतून अमेरिकेहून आला. जाताना बाकरवडी गेली, येताना स्विच. ‘अगं, टीव्हीलाही लागतो आणि प्रवासातही चालतो,’ या युक्तिवादावर वहिनींनी मान डोलावली होती.

प्रवासात तो चालतो, हे खरंच आहे. डेक्कन क्वीनमध्ये बूड टेकलं की स्विचराव स्विच काढतात, मोबाइलचं नेट जोडतात आणि ईशॉप उघडून सेल बघत बसतात. खंडाळ्याच्या बोगद्यात नेट गेलं की झोपतात. स्कायरिम घेतलाय, विचर 3 घेतलाय, स्टारड्यू व्हॅली तर ‘एवढा स्वस्त परत मिळणार नाही’ म्हणून घेतलाय. मशीनमधली जागा 32 जीबी. तेव्हा न खेळलेला एक गेम काढून न खेळायचा दुसरा तिथे बसवावा लागतो. हे काम ते फार मन लावून करतात.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा 2017 च्या मार्चमध्ये स्विचबरोबरच आलेला झेल्डाचा गेम. त्यातला नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो, आणि पहिल्या पठारावरून खाली उतरायचं तर चार देवळं पार करून ग्लायडर मिळवावा लागतो. स्विचरावांचा लिंक तीन देवळं करून थांबलाय. खाली अख्खं हायरूलचं राज्य खोळंबलंय. पण माहिती विचारा! ‘त्यात 900 कोरोक बिया आहेत. सगळ्या जमवल्या की बक्षीस काय मिळतं? सोनेरी विष्ठा!’ हे ते ऐन पंगतीत सांगतात, श्रीखंड वाढलेलं असताना.

पाहुण्यांना ते गेमचं कार्ड चाटायला देतात. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. डेनाटोनियम बेंझोएट. उच्चार बिनचूक. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही चाटलंय. मारिओ आणि झेल्डा कडूपणाला सारखेच, असं स्विचरावांचं मत आहे. (बऱ्याच कार्डांचा त्यांनी एवढाच उपयोग केलाय.)

एकच गेम ते खरोखर खेळले: ॲनिमल क्रॉसिंग. 2020 च्या मार्चमध्ये तो आला आणि पाठोपाठ लॉकडाउन. त्यात टॉम नूक एका बेटावर घर बांधून देतो, कर्ज बिनव्याजी, फेडायला मुदत नाही. फ्लॅटचा हप्ता खात्यातून गेला की स्विचरावांना अजून नूकच्या आठवणीने भरून येतं. ऑफिस सुरू झालं आणि बेट मागे पडलं. कित्येक महिन्यांनी उघडलं तर अंगणात तण, शेजारी विचारताहेत ‘होतात कुठे?’ आणि घरात झुरळं. ती पायाने चिरडत असताना वहिनी म्हणाल्या, “तेवढं झालं की ओट्याखालची पण बघा.”

5 जून 2025 ला स्विच 2 आला. जुने बहुतेक गेम त्यावर चालतात हे वाचून स्विचरावांचा जीव भांड्यात पडला. झेल्डाचं चित्र तर त्यावर आणखी स्वच्छ दिसतं. “मग आता जुन्यावर खेळून मजा कशाला घालवायची?” असं म्हणून त्यांनी सेल उघडला.