यंत्राचं शेण कुठंय?

"ते सगळं खरं, पण ते शेण टाकतं कुठे?" मामांनी पुन्हा विचारलं.

भाच्याने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. "मामा, ते यंत्र आहे. यंत्र शेण टाकत नाही."

"खातं ना पण? गवत खातं असं तूच म्हणालास. माझी अख्खी नोकरी गुरांच्या मागे गेली. खाऊन न टाकणारं जनावर मला एकदाच भेटलं, आणि ते दुसऱ्या दिवशी मेलं."

मामा म्हणजे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ असा सगळा मुलूख मोटारसायकलवर पालथा घालून आता जव्हारला ओट्यावर बसलेले. भाचा नाशिकला इंजिनिअरिंगला, सुट्टीला आलेला. वाद 'होरायझन झीरो डॉन'वरून लागला होता. ॲमस्टरडॅमच्या गरिला गेम्सने २०१७ साली काढलेला हा व्हिडिओ गेम. काळ एकतिसाव्या शतकाचा. माणसं पुन्हा टोळ्या करून भाले आणि तीरकामठे घेऊन हिंडताहेत, आणि रानात यंत्रांचे कळप चरताहेत. त्यात ग्रेझर नावाचं हरणासारखं यंत्र आहे. शिंगांच्या जागी फिरती पाती, पाठीवर 'ब्लेझ' नावाच्या इंधनाच्या टाक्या. गवताचं इंधन होतं कसं, यावर जगभरचे चाहते डोकं खाजवत असतात. भाच्याकडेही एक सिद्धांत होता आणि त्यात 'नॅनो' हा शब्द बऱ्याचदा येत होता.

"गवत आत, जाळायला काहीतरी बाहेर," मामा म्हणाले. "याला आमच्याकडे गोबर गॅस म्हणतात. १८९७ साली माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून असा गॅस काढला होता. तुझे ॲमस्टरडॅमवाले सव्वाशे वर्षं उशिरा आले."

"ब्लेझ गॅस नाहीये. द्रव आहे, पिवळट हिरवा."

"द्रव आहे? आणि भडकतो?" मामांचा चेहरा खुलला. "मग मोहाची आहे. पहिल्या धारेची."

"हळू बोला," आतून मामींचा आवाज आला.

"शास्त्र सांगतोय गं! साखर कुजव, वाफ धर, थंड कर. भट्टीवाला तेच करतो आणि साखर कारखानाही तेच करतो. आज पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात, ते काय आकाशातून पडतं?"

भाचा म्हणाला, ऊस वेगळा आणि गवत वेगळं. हे मात्र मामांना मान्य होतं, आणि मान्य झालेल्या मुद्द्यावर ते जास्त बोलतात. गवतातली साखर सेल्युलोजमध्ये अडकलेली असते. ती गाईलाही सोडवता येत नाही. ती सोडवतात गाईच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यातले जंतू. पिंपाएवढा तो कप्पा, एकोणचाळीस अंशांच्या आसपास कायम ऊबदार, त्यात अब्जावधी जंतू बसलेले. गाय गिळते, मग बसून दिवसाचे सहा-सात तास रवंथ करते. यात जो मिथेन होतो तो बहुतेक सगळा ढेकरांवाटे तोंडातून जातो. मागून जातो ही शहरातल्या लोकांची समजूत.

"तुझा ग्रेझर कधी बसतो का?"

"नाही. पण घोडा तरी कुठे रवंथ करतो?" भाच्याने पकडलं.

"शाबास. म्हणून तर घोड्याची लीद हातात घेऊन बघ, निम्मं गवत जसंच्या तसं. रवंथ नाही म्हटल्यावर टाकणं आणखी जास्त. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच."

आता भाचा हट्टाला पेटला. २००९ साली अमेरिकेत एका यंत्रमानवाचा प्रकल्प गाजला होता, त्याचं नाव ईटर. पैसा तिथल्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेचा. वाटेत काटक्या, पालापाचोळा गोळा करायचा, तो जाळून वाफेच्या इंजिनावर पुढे जायचं, अशी कल्पना. बातमी अशी पसरली की हा रणांगणावरची प्रेतं खाणार. शेवटी कंपनीला पत्रक काढावं लागलं की आमचं इंजिन काटक्या, गवत आणि लाकडाच्या ढलप्यांवर चालतं. मृतदेहांची विटंबना जिनिव्हा करारानुसार गुन्हा आहे.

"म्हणजे यंत्रमानवाने शाकाहारी असल्याचं लिहून दिलं!" मामांना हे फारच आवडलं. त्यांनी मामींना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. "पण बाबा, ती झाली चूल. तिची राख पडते. ती तरी आमच्या भाताच्या राबाला उपयोगी पडेल."

गेममधल्या प्रलयाचंही असंच झालं. तिथे लढाऊ यंत्रं बिथरतात, दिसेल तो जीव इंधन म्हणून खात सुटतात आणि २०६६ पर्यंत पृथ्वी उजाड होते. "माणसांच्या मागे कशाला लागतील?" मामा म्हणाले. २०१८ सालच्या एका गाजलेल्या मोजणीत पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांतला कार्बन ५५० गिगाटन भरला. त्यातला ४५० वनस्पतींत. सगळी माणसं मिळून ०.०६. हे आकडे भाच्यानेच वाचून दाखवले, स्वतःच्या बाजूने म्हणून, आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरला.

"भुकेलं यंत्र सागाच्या रानात शिरेल. तुझ्या हिरोइनीच्या मागे धावण्यात त्याचं डिझेल फुकट."

पावसात ती यंत्रं गंजत नाहीत, यावरही सिद्धांत होता. मामांनी डांगी गाईचं नाव घेतलं. या पट्ट्यातल्या मुसळधार पावसात ती टिकते, कारण तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. भाचा यावर काही बोलला नाही. तो शोधत होता. त्याला पाहिजे होतं खाऊन न टाकणारं एक तरी यंत्र.

सापडलं भलतंच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेतला इकोबॉट. दुसरी आवृत्ती मेलेल्या माशांवर चालायची, म्हणजे घरातल्या माशांवर. पोटात जंतू, जंतूंपासून वीज. २०१० साली तिसरी आवृत्ती आली. तिला शास्त्रज्ञांनी मुद्दाम एक सोय करून दिली होती: उरलेला चोथा बाहेर टाकण्याची.

"टाकतं!" मामा ओट्यावरून उठलेच. "ब्रिस्टलचं टाकतं!"

भाचा चिडला. "मामा, गेम आहे तो. बोहाड्यात मुखवटा घालून रावणाचं सोंग नाचत येतं तेव्हा विचारता का, हा जेवतो कुठल्या तोंडाने?"

"विचारलंय. नाचणारा म्हणाला, आत तोंड एकच आहे आणि तेही घामाने भिजलंय. हे बघ, सोंगाला सोंग म्हणालास तर मी हात जोडीन. तू सिद्धांत म्हणालास. सिद्धांत म्हटला की जमाखर्च आला."

"बरं. मग तुमच्या परसातल्या गोबर गॅसच्या टाकीचा जमाखर्च सांगा. डोम गंजलाय, आत उंदीर आहेत. तिच्यातलं शेण कुठंय?"

मामींना हसू आवरलं नाही. मामांना आलं नाही. ते म्हणाले, बैल विकले, कारण नांगरटीला पॉवर टिलर आला. गाई कमी केल्या, कारण राखायला कोणी नाही. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीला, वसईला. गुराखी पोरगाही आईबापांबरोबर ट्रकमध्ये चढतो.

"मग मला का सुनावताय? मी राखणार होतो का गुरं?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"तुम्हीच आईला सांगितलंत, पोराला शिकव, शेणात हात घालायला लावू नकोस."

"शिकव म्हटलं होतं. रात्री दोन वाजेपर्यंत लोखंडाची हरणं मारायला शिकव नव्हतं म्हटलं!"

"मारत नाही नुसतं. विचार करतो त्यावर."

"अर्धाच करतोस. तोंडापाशी थांबतोस."

यावर दोघंही एकदम बोलू लागले, आणि कोण काय म्हणत होतं ते मामींनाही नीट सांगता येत नाही.

दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज सुमारे ५० किलो ओलं शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं हवीत. मामांच्या गोठ्यात सध्या एक गाय आणि तिची कालवड आहे. चहा सिलिंडरवर होतो.