डॉलर लावणारे खजिनदार

हाउसिंग सोसायटीचे खजिनदार दोन प्रकारचे असतात, पैसे मोजणारे आणि रंग भरणारे. पहिल्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. दुसरे बहुधा बँकेतून किंवा एखाद्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले असतात, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत असतात, आणि एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग नावाची सोय आहे हे त्यांना ज्या दिवशी कळते त्या दिवसापासून साठ बिऱ्हाडांची झोप उडते.

सोय तशी निरुपद्रवी आहे. एका कॉलममध्ये मेंटेनन्सची देय रक्कम, शेजारच्या कॉलममध्ये जमा रक्कम. जमा कमी पडली की सेल आपोआप लाल. एक्सेलच्या ९७च्या आवृत्तीत ती आली तेव्हा एका सेलला तीनच अटी लावता येत, म्हणजे सभासदांचे तीनच प्रकार पाडून भागवावे लागे. २००७च्या आवृत्तीने ही मर्यादा उठवली आणि या जातीला मोकळे रान मिळाले. थकवणारा लाल, उशिरा भरणारा पिवळा, वेळेवर भरणारा हिरवा, चेक न वटलेला जांभळा, आणि आगाऊ भरून वर पावतीसाठी तीनदा बेल वाजवणारा मोरपंखी.

या खजिनदाराची खरी ओळख मात्र रंगात नाही, डॉलरात आहे. फक्त सेल लाल करून त्याचे समाधान होत नाही. फ्लॅट नंबरापासून शेऱ्यापर्यंत अख्खी ओळ पेटली पाहिजे. त्यासाठीचे सूत्र तो संध्येच्या आचमनासारखे म्हणतो : ‘बरोबर, डॉलर सी दोन, लहान, डॉलर बी दोन.’ डॉलरचे चिन्ह अक्षराच्या आधी लावले की कॉलम खिळतो; आकड्याच्या आधी लावले नाही की ओळ मोकळी राहते आणि नियम खाली सरकत जातो. डॉलर विसरला तर तुलना उजवीकडे घसरते आणि जमा रक्कम पुढच्या कॉलममधल्या तारखेशी ताडली जाते. एक्सेलच्या लेखी तारीख हीसुद्धा १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांची एक संख्याच असल्यामुळे ते बिनतक्रार निकाल देते, आणि तो निकाल कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

हे ज्ञान स्वतःपुरते ठेवणे त्याला जमत नाही. लिफ्ट बंद पडली, पाणी आले नाही, पार्किंगमध्ये कोणी आडवी गाडी लावली, कुठल्याही तक्रारीवर त्याचा चेहरा सांगतो की मूळ दोष कुठेतरी न लावलेल्या डॉलरमध्ये असणार. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा भरते. प्रोजेक्टरवर तक्ता झळकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या, न्यू जर्सीत मुलगा असलेल्या काकू लाल ओळ पाहून कसनुशा होतात.

‘अहो, मुलगा पाठवतो म्हणालाय या महिन्यात.’

‘पाठवू दे की वहिनी. पण डॉलर सीच्या आधी हवा, दोनच्या आधी नको.’

काकू घरी जाऊन मुलाला फोनवर हाच निरोप देतात.

रंगांचा न्याय दिसतो तितका सरळ नसतो. तुलनेत रिकामा सेल शून्य धरला जातो, त्यामुळे महिन्याच्या एक तारखेला, कोणी पाकीट उघडण्याआधीच, साठच्या साठ ओळी लाल. यावर उपाय म्हणून खजिनदार रिकाम्या सेलना माफी देणारी अट जोडतो. परिणाम असा, की पाचशे रुपये कमी भरणारा लालभडक आणि वर्षभर दमडीही न भरणारा धुतल्या तांदळासारखा. त्यातच ऑफिसातल्या मुलाने रकमेपुढे जुन्या वळणाने ‘/-’ काढलेले असते. त्यासरशी आकड्याचा मजकूर होतो, आणि एक्सेलच्या दरबारी कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठाच. पन्नास रुपये भरणारा त्या दोन खुणांच्या जोरावर सुटतो. सभेतही हेच चालते. भरणारे गप्प असतात आणि मजकूरवाले जिंकतात.

शेवटी तक्ता नोटीस बोर्डावर लागतो तो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच्या रूपात. फिकट लाल आणि फिकट हिरवा, दोन्ही एकाच राखाडीत विरघळतात. सगळी सोसायटी एका रंगाची झालेली असे वर्षातून तेवढेच एकदा दिसते.

मुदत संपते, फाइल नव्या खजिनदाराच्या हाती जाते. तो तरुण असतो, घाईत असतो, आणि नियमांची यादी उघडून कपाळाला हात लावतो. वर्षानुवर्षांच्या कॉपी-पेस्टने एकेका नियमाच्या चिंध्या झालेल्या, तोच लाल सतरा ठिकाणी. तो खालून एकेक पुसत वर येतो. सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांच्या आधी लागू होणारा, एक नियम निराळाच निघतो. त्याला रंगच दिलेला नसतो. अट खरी ठरली की पुढचे नियम थांबवा, एवढी खूण मात्र केलेली असते. अट फक्त एक : फ्लॅट नंबर अकरा.

अकरा नंबरात कर्ता माणूस दोन वर्षांपूर्वी गेला. मागे बायको आणि शिकणारी मुलगी. आकडे तपासावेत तर सगळे जसेच्या तसे असतात. देय पूर्ण, जमा अर्धीमुर्धी, थकबाकी पैशापर्यंत बरोबर. हिशेबतपासनीसाला बोट ठेवायला जागा नाही. फक्त सभेच्या पडद्यावर ती ओळ दोन्ही वर्षे पांढरी राहिलेली असते, आणि भोवतालच्या रंगपंचमीत ते कोणाच्या ध्यानात आलेले नसते. खजिनदाराने हा विषय कधी कोणापाशी काढलेला नसतो. ज्याने डॉलरबद्दल रखवालदारालासुद्धा सोडले नाही, त्याने.

नवा खजिनदार सूत्र पुन्हा एकदा वाचतो. एच्या आधी डॉलर लावलेला असतो, दोनच्या आधी नसतो.